स्पष्टवक्ता कोणास म्हणावे?

काही महिन्यांपूर्वी कुर्ल्याच्या एका गावठाणात एका वृद्ध गृहस्थांच्या निधनानंतरची सातव्या दिवसाची प्रार्थना होती. मिस्सा आटोपून मंडळी घराच्या ओट्यावर आणि समोरच्या छोट्या मांडवात बसली होती. प्रथेप्रमाणे चौघेजण दिवंगतांविषयी बोलले. एक नात्यातले होते, एक त्यांच्याबरोबर कारखान्यात नोकरी केलेले, दोघे गावठाणाच्या समितीतले. प्रत्येकाच्या बोलण्यात एक शब्द न चुकता आला: स्पष्टवक्ता. त्यांना कुणाची भीडभाड नव्हती, त्यांच्या पोटात एक आणि ओठात एक असे कधी नसायचे, त्यांची जीभ तिखट पण मन निर्मळ होते, असे सारेच म्हणाले. शेवटच्या प्रार्थनेपूर्वी मीही दोन शब्द बोललो आणि ओघात तोच शब्द वापरला. वस्तुतः त्या गृहस्थांशी माझा निकटचा परिचय नव्हता. आधीच्या वक्त्यांनी शब्द हाताशी आणून ठेवला होता, तो मी उचलला, इतकेच.

मी निघालो तेव्हा त्यांची सून चहाचे कप गोळा करीत होती. आसपास कुणी नाही असे पाहून ती हलक्या आवाजात म्हणाली, "फादर, पप्पा स्पष्ट बोलायचे हे खरं आहे. पण ते आम्हाला. मला, मम्मीला, भांडीवाल्या बाईला, रिक्षावाल्याला. गावची विहीर बुजवायचं ठरलं तेव्हा पप्पा समितीवर होते. त्या रात्री मीटिंगहून घरी आले, जेवले आणि झोपले. तिथं एक अक्षर बोलले नव्हते." एवढे बोलून तिने ट्रे उचलला आणि ती आत गेली.

हे मी तिच्या संमतीने लिहीत आहे आणि कुणाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. कुर्ल्याची ख्रिस्ती वस्ती जुनी आहे. पोर्तुगीज अमदानीत उभे राहिलेले आणि १८४८ साली पुन्हा बांधलेले होली क्रॉस चर्च तिची साक्ष देत आजही उभे आहे. गावठाणात घराला घर लागून असते आणि एका घरातील भांडण पुढच्या तीन घरांत ऐकू जाते. अशा वस्तीत कोण कुणाशी कसा बोलतो हे लपत नाही. कोण कुठे गप्प बसला, हेही लपत नाही. त्या सुनेने जे सांगितले ते मांडवातील कितीतरी जणांना ठाऊक असणार. तरीही शब्द वापरला गेला, आणि वापरणाऱ्यांत मीही होतो. तेव्हापासून हा शब्द माझ्या मनातून जात नाही.

मनात येईल ते तोंडावर बोलणाऱ्या माणसासाठी आपल्या भाषेत शब्दांची वाण नाही. परखड, सडेतोड, रोखठोक, फटकळ, तोंडाळ, आणखीही कितीतरी. कान देऊन ऐकले तर यांतील बऱ्याच शब्दांतून कशावर तरी आघात होत असल्याचा आवाज येतो: तोड, ठोक, फट. आपली क्रियापदेही त्याच जातीची आहेत. आपण ठणकावतो, खडसावतो, झाडतो, एक घाव दोन तुकडे करतो. 'रोखठोक' शब्दात तर बाजारातला रोख पैसा वाजतो. उधारी नाही, खाते नाही. बोलणाऱ्याने आपल्याजवळचे मोजून दिले की व्यवहार संपला. ऐकणाऱ्याचे पुढे काय झाले, हा त्याचा प्रश्न नव्हे. त्यातल्या त्यात मला 'कानउघाडणी' हा शब्द आवडतो. तोही कठोरच, पण निदान समोरच्याचा कान उघडावा, म्हणजे त्याला ऐकू यावे, एवढा हेतू त्यात शिल्लक आहे.

या घोळक्यात 'स्पष्टवक्ता' हा संस्कृत वळणाचा शब्द भारदस्त दिसतो. म्हणूनच सत्कारात, शोकसभेत आणि निवडणुकीच्या पत्रकांत त्याला मान असतो. त्याची व्युत्पत्ती मात्र विचार करण्याजोगी आहे. 'स्पष्ट' हे 'स्पश्' या धातूपासून झालेले रूप, आणि त्या धातूचा अर्थ पाहणे, निरखणे. जे डोळ्यांना नीट दिसले ते स्पष्ट. याचा अर्थ असा की या शब्दात आवाजाला स्थानच नाही. मोठ्याने बोलणे, टोचून बोलणे, मागचापुढचा विचार न करता बोलणे, यांपैकी काहीही 'स्पष्ट' या शब्दात बसत नाही. ज्याने आधी नीट पाहिले आणि मग पाहिले तेच सांगितले, तो स्पष्टवक्ता. मनात आले ते बोलून टाकणारा माणूस मोकळा असेल, उतावळा असेल. पण त्याने पाहिले काय, हा प्रश्न उरतोच.

आणखी एक मौज आहे. याच धातूपासून संस्कृतात 'स्पश' असा शब्द होतो आणि त्याचा अर्थ हेर. स्पष्टवक्ता आणि हेर हे असे एकाच कुळातले. दोघेही पाहतात आणि दोघेही सांगतात. फरक एवढाच की हेराने पाहिलेले ज्याच्याविषयी आहे त्याच्या पाठीमागे सांगितले जाते, आणि त्या सांगण्याचे त्याला मोल मिळते. तर स्पष्टवक्त्याला समोर उभे राहून सांगावे लागते, आणि मोल द्यावे लागते ते त्यालाच. माझ्याकडे येऊन दुसऱ्यांविषयी 'फादर, मी स्पष्टच सांगतो' अशी सुरुवात करणारे कितीतरी भाविक मला भेटतात. त्या वेळी मला ही व्युत्पत्ती आठवते, पण मी बोलून दाखवीत नाही. येथे माझाही स्पष्टवक्तेपणा कमी पडतो.

पाहिलेले न सांगणे म्हणजे काय, हे कुर्लेकरांना वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघणारी मिठी नदी कुर्ल्यावरून माहीमच्या खाडीकडे जाते. तिच्या काठावर भराव पडत होता, पात्र आवळले जात होते, कारखान्यांचे आणि वस्त्यांचे सांडपाणी तिच्यात मिसळत होते. यातले काहीही रात्रीच्या अंधारात घडले नाही. रोज कामावर जाणारा प्रत्येक माणूस ते पुलावरून पाहत होता. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली आणि नदीने आपली जागा परत मागितली. त्यानंतर मात्र बोलणाऱ्यांना तोटा राहिला नाही. चहाच्या टपरीपासून विधिमंडळापर्यंत सगळे जण मिठीविषयी स्पष्ट बोलू लागले. सगळे खरेच बोलत होते. परंतु पाणी घरात शिरल्यानंतर पाण्याविषयी खरे बोलायला धैर्य लागत नाही. आधीही ते 'स्पष्ट' होते. नव्हता तो वक्ता. आम्ही धर्मगुरूही त्या नदीवरून अनेकदा गेलो होतो. रविवारच्या प्रवचनात तिचा उल्लेख केल्याचे माझ्या तरी स्मरणात नाही.

आता हा शब्द आपण कुणाला देतो आणि कुणाला देत नाही, ते पाहू. घरातील कर्ता पुरुष चढ्या आवाजात बोलला तर तो स्पष्टवक्ता. त्याच घरातील सून तेच शब्द बोलली तर ती तोंडाळ. मालक बोलला तर परखड, नोकर बोलला तर उर्मट. वडील माणूस बोलले तर सडेतोड, तरुण बोलला तर आगाऊ. 'स्पष्टवक्ती' असे स्त्रीलिंगी रूप व्याकरणाला मान्य आहे, पण माझ्या इतक्या वर्षांच्या सेवाकार्यात एखाद्या बाईच्या अंत्यविधीला ते उच्चारलेले मी ऐकलेले नाही. स्त्रियांच्या वाट्याला येतात ते शब्द सोशीक, मायाळू, कष्टाळू. बोलणे एकच असते. बोलणारा कुठे उभा आहे यावरून त्याचे नाव ठरते. जो शब्द सद्गुणाचा म्हणून मिरवतो तो पुष्कळदा केवळ पदाचा शब्द असतो.

हे मी दुसऱ्यांकडे बोट दाखवून लिहितो आहे असे कुणी समजू नये. मी दीक्षा घेऊन फार दिवस झाले नव्हते तेव्हाची गोष्ट. धर्मग्राम दुसरा होता. त्याचे नाव येथे नको. दारूच्या व्यसनाने गेलेल्या एका चाळिशीच्या माणसाचा अंत्यविधी माझ्याकडे आला. चर्च भरलेले होते. समाजाला चार शब्द खडसावून सांगण्याची ही संधी आहे असे मला वाटले आणि मी प्रवचनात दारूवर बोललो. नुसता दारूवर नव्हे, शवपेटीतील माणसावर बोललो. त्याने संसाराची कशी धूळधाण केली, हे त्याच्या दोन शाळकरी मुलांच्या देखत सांगितले. मी जे बोललो त्यातले एकही वाक्य खोटे नव्हते. बाहेर पडल्यावर दोघातिघांनी माझा हात हातात घेऊन म्हटले, "फादर, स्पष्ट बोललात. असंच कुणीतरी सांगायला हवं होतं." मला बरे वाटले, हे लपवत नाही.

साक्रिस्तीत वेदीची फुले लावणाऱ्या एक बाई होत्या. विधवा, चार घरची कामे करून राहणाऱ्या. मी झगा उतरवीत असताना त्या म्हणाल्या, "फादर, मेलेल्या माणसाला बोललात. तो उठून काय सांगणार? त्याला दारू विकणारा तिसऱ्या बाकावर बसला होता. त्याला नाही काही बोललात." तो मनुष्य कोण हे मला ठाऊक होते. त्या वर्षीच्या सणाची मोठी देणगी त्याने दिली होती. मी बाईंना सांगितले की त्यांनी आपले काम पाहावे. त्या रात्री जेवताना मी सहकारी धर्मगुरूंपाशी 'फार तोंडाळ बाई आहे' असे उद्गार काढले. आणि महिन्याभरात वेदीच्या फुलांचे काम मी दुसऱ्यांकडे दिले. सर्वांना सेवेची पाळी मिळावी, असे त्याचे कारण मी सूचनांत वाचून दाखवले. ते कारण खोटे होते. पुढे माझी बदली झाली. त्या बाईंची क्षमा मागायला मी गेलो नाही. मनात येत राहिले, आणि दरवेळी काही ना काही काम निघत राहिले. काही वर्षांनी त्या वारल्याचे कळले.

त्या दिवशी चर्चमध्ये स्पष्टवक्ता एकच होता आणि तो वेदीवर नव्हता, हे समजायला मला बराच काळ लागला. जे समजले ते पुन्हा नवा करार वाचताना समजले. सेमिनरीत ग्रीक भाषेची तोंडओळख होते. त्यातले पुष्कळसे पुढे विसरले जाते, पण काही शब्द सोबत राहतात. त्यांपैकी एक 'पार्रेसिया'. 'सर्व' आणि 'बोलणे' हे दोन शब्द मिळून तो झाला आहे: काही हातचे न राखता बोलणे. अथेन्समध्ये हा नागरिकाचा अभिमानाचा हक्क होता. सभेत उभे राहून नागरिकाने काय हवे ते बोलावे. मात्र स्त्री, गुलाम आणि परका यांना हा हक्क नव्हता. म्हणजे आमच्या गावठाणाचीच रीत तेथेही होती. फक्त ती कायद्याने बांधलेली होती.

प्रेषितांच्या कृत्यांच्या चौथ्या अध्यायात हा शब्द येतो तो या पार्श्वभूमीवर वाचावा. मंदिराच्या दारातील पांगळ्याला बरे केल्याबद्दल संत पेत्र आणि संत योहान न्यायसभेपुढे उभे केले जातात. समोर प्रमुख याजक, वडील, शास्त्री. ज्यांच्या हातून काही आठवड्यांपूर्वी येशूला मृत्युदंड मिळाला तीच ही माणसे. त्यांना नवल वाटते ते चमत्काराचे नव्हे, तर या शिक्षण नसलेल्या कोळ्यांच्या बोलण्याचे. संत लूकने तेथे 'पार्रेसिया' हाच शब्द योजला आहे. नागरिकाचा, सुशिक्षिताचा, सत्ताधाऱ्याचा शब्द गालीलच्या मासेमारांच्या तोंडी जातो. त्याच अध्यायात पुढे सारा श्रद्धावंतांचा समुदाय हेच मागणे देवाकडे मागतो. धमक्या थांबाव्यात असे ते मागत नाहीत. धमक्या असताना बोलता यावे, एवढेच मागतात. लॅटिन भाषांतराने या एका शब्दासाठी वेगवेगळे शब्द वापरले: 'कोन्स्तान्सिया' म्हणजे स्थैर्य, 'फिदूसिया' म्हणजे भरवसा, 'पालाम' म्हणजे उघडपणे. आपल्या मराठी बायबलमध्येही कोठे 'धैर्य' आहे, कोठे 'उघडपणे'. मला हे भाषांतराचे दौर्बल्य वाटत नाही. एकाच बोलण्याला हे सारे लागते. नुसते उघडपण असले आणि भरवसा नसला की उरतो तो फटकळपणा.

स्वतः प्रभू येशूचे या रीतीने बोलणे कोठे येते, तेही पाहण्यासारखे आहे. संत मार्कच्या आठव्या अध्यायात तो उघडपणे बोलतो, पण दुसऱ्याच्या पापाविषयी नव्हे, तर स्वतःच्या येऊ घातलेल्या दुःखाविषयी आणि मरणाविषयी. पेत्राला ते सहन होत नाही आणि तो त्याला बाजूला घेऊन दटावतो. येथे मला दरवेळी थोडे हसू येते. आपणही असेच करतो. अप्रिय सत्य बोलणाऱ्या माणसाला 'जरा इकडे या' म्हणून कोपऱ्यात नेतो. आणि संत योहानच्या अठराव्या अध्यायात, अटकेनंतर, महायाजकापुढे येशू सांगतो की आपण जे बोललो ते जगासमोर बोललो, लपूनछपून नव्हे. तेव्हा एक शिपाई त्याला चपराक मारतो. येशू त्यावर शाप देत नाही आणि गप्पही बसत नाही. माझे चुकले असेल तर चूक दाखव, चुकले नसेल तर मारतोस का, असा प्रश्न तो विचारतो. माझ्या मते स्पष्टवक्तेपणाची याहून चांगली परीक्षा नाही. 'चूक दाखव' हे म्हणण्याची ज्याची तयारी आहे त्याने बोलावे. आपण ज्यांना स्पष्टवक्ते म्हणतो त्यांतील किती जण दुसऱ्याचे स्पष्ट बोलणे ऐकून घेतात? दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये कुटुंबविषयक सिनोडच्या आरंभी जमलेल्या महागुरूंपाशी 'पार्रेसिया' हाच शब्द काढून निर्भयपणे बोलण्याची विनंती केली होती, आणि लगेच नम्रतेने ऐकण्याचीही. दोन्ही एका दमात.

महाराष्ट्राला खरे स्पष्टवक्ते ठाऊक नाहीत असे मुळीच नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी केली, आणि राघोबादादांना या पापाला देहान्तावाचून प्रायश्चित्त नाही असे त्यांच्या तोंडावर सांगितले. ज्याला सांगितले तो त्या वेळी सत्तेचा धनी होता. शास्त्रीबोवांनी पद सोडले आणि पुणेही सोडले. ही कथा आपण शाळेत शिकतो, तिच्यावर १९४४ साली प्रभातने चित्रपटही काढला. पण शिकताना आपले लक्ष रामशास्त्र्यांच्या करारी आवाजाकडे जाते. माझ्या मते त्या कथेचे मर्म आवाजात नाही. त्यांनी आधी चौकशी केली, म्हणजे पाहिले. मग ज्याचा अपराध त्यालाच सांगितले. आणि किंमत स्वतः दिली.

दुसरे उदाहरण एका स्त्रीचे आहे, म्हणून मुद्दाम देतो. आणीबाणी चालू असताना, डिसेंबर १९७५ मध्ये कराडला मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष दुर्गाबाई भागवत. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, जे त्या वेळी केंद्रात मंत्री होते. त्यांच्या समक्ष दुर्गाबाई लेखनस्वातंत्र्याविषयी बोलल्या आणि आजारी जयप्रकाश नारायण यांच्यासाठी प्रार्थना करण्याचे आवाहन त्यांनी श्रोत्यांना केले. प्रार्थनेचे आवाहन हा स्पष्टवक्तेपणाचा प्रकार म्हणून कोणाला सुचणार नाही. त्यात घाव नाही, फटका नाही, कुणाचे नाव घेऊन केलेला धिक्कार नाही. परंतु त्या दिवशी, त्या व्यासपीठावर, ते नाव उच्चारणे म्हणजे काय हे सर्वांना कळत होते. १९७६ साली दुर्गाबाईंना अटक झाली.

आपल्यातले नाव घ्यायचे तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो. 'सुवार्ता'चे ते दीर्घकाळ संपादक होते. वसईच्या हिरव्या पट्ट्यावर बांधकामांचे संकट आले तेव्हा हरित वसईच्या चळवळीत ते उभे राहिले. त्यात धाकदपटशा होता, आणि 'धर्मगुरूने चर्च सांभाळावे' हा घरचा आहेरही होता. उस्मानाबादच्या २०२० च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून त्यांची निवड झाली तेव्हा ते ख्रिस्ती धर्मगुरू आहेत एवढ्यासाठी विरोध झाला. शरीर साथ देत नव्हते, तरी ते गेले आणि असहिष्णुतेविषयी जे बोलायचे ते बोलले. २०२४ साली ते निवर्तले. त्यांचा आवाज मृदू होता. त्यांना ऐकलेल्यांना हे सांगावे लागणार नाही.

तेव्हा आवाज चढा की मऊ, हा भेद येथे कामाचा नाही. नाथान संदेष्टा दावीद राजापुढे गेला तो गोष्ट घेऊन गेला. गरिबाच्या एकुलत्या एका मेंढीची गोष्ट. राजाने स्वतःच संतापून निवाडा दिला, आणि मग नाथानने तो निवाडा त्याच्याच माथी ठेवला. यापेक्षा आडवळणाचे बोलणे कोणते? आणि यापेक्षा स्पष्ट तरी कोणते? संक्रांतीला आपण तिळगूळ देऊन गोड बोलण्याचे वचन घेतो. त्यामुळे खरे बोलण्याला बाधा येते असे मला वाटत नाही; बाधा येते ती, गोड केवळ बड्यांशी आणि तिखट केवळ दुबळ्यांशी बोलण्याची सवय लागली की.

खरे आहे तेवढ्यावरून ते बोलावेच असे होत नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. ख्रिस्तसभेच्या धर्मशिकवणीत खोट्या आळाबरोबरच आणखी एक पाप सांगितले आहे: योग्य कारण नसताना दुसऱ्याचे खरे दोष, ते ज्यांना ठाऊक नाहीत त्यांच्यापुढे उघडे करणे. विद्यार्थिदशेत हे वाचून मला आश्चर्य वाटले होते. खरे बोलणे पाप कसे? त्या अंत्यविधीनंतर ते आश्चर्य ओसरले. संत थॉमस अक्वायनस बंधूची चूक दाखवणे हे न्यायाचे नव्हे तर प्रीतीचे कृत्य मानतो, आणि एकांतात सांगणे आधी, चारचौघांत नंतर, असा क्रम लावतो. संत मत्तयच्या अठराव्या अध्यायातील प्रभूचा क्रमही तोच आहे. तोच अक्वायनस पुढे असेही म्हणतो की श्रद्धेला धोका असेल तर कनिष्ठाने वरिष्ठाला उघडपणेही सांगावे, आणि दाखला देतो तो अंत्युखियात संत पौलाने संत पेत्राला समोरासमोर विरोध केल्याचा. पेत्र तेथे परराष्ट्रीय बंधूंबरोबर जेवत असे, आणि यरुशलेमहून माणसे आल्यावर मागे सरला. ताटावरून उठणे ही किती लहान गोष्ट. पौलाला ती लहान वाटली नाही. त्या दोघांचा सण ख्रिस्तसभा एकाच दिवशी, २९ जूनला पाळते. कुणीही दुसऱ्याची फुले काढून घेतली नाहीत.

हे सर्व लिहिताना तो विहिरीचा प्रसंग माझ्यासमोर आहे. त्या रात्रीच्या बैठकीत ते गृहस्थ का गप्प राहिले, ते मी सांगू शकत नाही. मुलाच्या नोकरीची काळजी असेल, भीती असेल, किंवा बोलून काही होणार नाही असा थकवा असेल. मरण पावलेला माणूस खुलासा करायला येत नाही, हे मला एका बाईंनी पूर्वी शिकवले आहे. म्हणून त्यांच्या मौनाचा निवाडा मी करीत नाही. माझा प्रश्न शब्दाचा आहे, आणि तो अकस्मात हातात आला.

महिन्याच्या मिस्सेला वाटण्यासाठी कुटुंबाने स्मृतिपत्रिका छापायची ठरवली, पण छापखान्यात काही ना काही राहून गेल्याने ती आता वर्षश्राद्धाच्या मिस्सेला वाटायची आहे. वर छायाचित्र, खाली प्रार्थना, मध्ये चार ओळी. शुद्धलेखन तपासावे म्हणून थोरल्या मुलाने मजकूर माझ्याकडे पाठवला. दुसऱ्या ओळीत 'प्रेमळ पिता व स्पष्टवक्ते समाजसेवक' असे आहे. कागद घेऊन ती सूनच आली होती. तिने तो टेबलावर ठेवला आणि त्या शब्दावर बोट टेकवून विचारले, "फादर, हा शब्द बरोबर आहे ना?" शुद्धलेखन बरोबर होते. एवढे सांगून मी कागद परत करू शकलो असतो. मी तो ठेवून घेतला.

रविवारी संध्याकाळी मी त्यांच्या घरी जाणार आहे. त्या मुलाशी मला बोलायचे आहे, आणि ते चर्चमध्ये नव्हे, ओट्यावरही नव्हे, घरात. काय बोलणार ते अजून नीट जुळलेले नाही. शब्द खोडा, असे मी सांगेन असे वाटत नाही. त्यांच्या वडिलांविषयीचा शब्द खोडण्याचा अधिकार माझा नव्हे. पण तो शब्द सातव्या दिवशी मी का उच्चारला, आणि पुन्हा का उच्चारणार नाही, एवढे मला सांगता येईल. सुनेला मी एक निरोप दिला आहे. त्या संध्याकाळी चहा दुसऱ्या कुणी करावा. तिने आमच्याबरोबर बसावे.